चिल्लर

ग्लदानीत आमच्या लिफ्टला नाणं लागतं.
दहा तेत्री टाकले की हलते,
कुरकुरत, सांधे धरल्यासारखी.

मार्चात त्सिसाना आली, घडीचं स्टूल घेऊन,
आणि लिफ्टमध्येच बसली.
शहराचा अभ्यास करतेय, म्हणाली.
मी म्हटलं, शहर बाहेर आहे, बाई.
ती पेन्सिलीला टोक काढत राहिली.

काढायची फक्त हात.
नाणं टाकणारे, चाचपणारे,
पाव काखेत धरून खिसा उलटा करणारे.
सातव्यावरच्या ओतारच्या करंगळीला पेर एक कमी,
वीस वर्षं शेजारी राहून मला ते
तिच्या कागदावर दिसलं.
कोपऱ्यात वेळ, मजला, ओझं:
बटाटे. झोपलेलं पोर. काही नाही.

महिनाभराने वही चाळताना म्हणाली,
नवव्यावर कोणी राहत नाही का?
आणि स्टूल उचलून जिन्यात गेली.

पाचव्या-सहाव्याच्या मधे नाझिब्रोला बसलेली,
पायरीवर पिशवी, मांडीवर हात पालथे.
ते हात तिने काढले नाहीत.
पान कोरं, कोपऱ्यात एवढंच:
सहा दहा. साडेपाचवा मजला. दूध.

जूनमध्ये सगळे कागद तिने लिफ्टच्याच भिंतींना डकवले.
वर जाईस्तोवर जो तो आपले हात शोधायचा.
पालिकेचा माणूस आला, कोऱ्या पानाला म्हणाला,
हे राहून गेलंय वाटतं.

आता पेटीवर कुणीतरी बशी ठेवलीय,
तिच्यात चिल्लर असते.
नाझिब्रोला अजून जिन्यानेच चढते.
दाराच्या फटीतून तिचा दम ऐकू येतो,
आणि आत, उभ्याउभ्या,
आमचा जीव खालीवर.