टाकळफाट्यावरची मोजणी

पोलिसांच्या रजिस्टरात टाकळफाटा कोरा आहे.
तीन वर्षांत एक पंचनामा नाही.
लोलगे मॅडम म्हणाल्या,
एवढ्या कोऱ्या पानावर माझा विश्वास बसत नाही.

म्हणून जलीलभाईच्या पंक्चर दुकानाच्या पत्र्यावर
बांबूला कॅमेरा बांधला
आणि मला परभणीत बसवलं, कॉलेजच्या मागच्या खोलीत,
अकरा दिवसांचा रस्ता हळूहळू बघायला.
मला, कारण मी त्याच वाटेचा.
टेम्पो कुणाचा, कुठे निघाला, टपावरूनच सांगतो.

गंगाखेडकडून आलेला ट्रक जिथून गेला
तिथूनच दूधवाला आडवा गेला.
दोघांच्या मधलं अंतर लिहायचं : १.१ सेकंद.
दोन ट्रॉल्यांचा ऊस वळताना
त्याच्या मागून निसटलेली काळीपिवळी : ०.९.
शाळेच्या दोन पोरी, सायकल एक : ०.७.
पोरी हसत गेल्या.
हसण्याला रकाना नाही.

आमच्याकडे म्हणतात,
काळ आला होता पण वेळ आली नव्हती.
मॅडमचं अर्धं गणित या म्हणीत बसतं.
काळ किती जवळून गेला ते मी लिहायचं.
वेळेचं मॅडम बघतात :
एक वक्ररेषा, तिला निमुळतं शेपूट,
सरकत सरकत शून्याकडे जाणारं.
शून्य म्हणजे धडक.
तिथे आमच्याकडे एकही टिंब नाही.
शेपूट तरी पोचतं.

उत्तर आलं, वर्षाला १.४.
इंजिनिअर साहेबांनी विचारलं, "मेलं कोण?"
अजून कोणी नाही.
"मग हा पॉइंट चार कुणाचा?"
आणि चहा सांगितला.

जलीलभाई टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते.
"काय मोजायलात एवढं?"
जे झालं नाही ते.
"मग लै झालं की हो. ते तर रोज होतंय."

नववा दिवस. संध्याकाळचे सहा सत्तावीस.
एक मोटारसायकल, हँडलला पिशवी,
टाकीवर पिवळ्या फ्रॉकची पोरगी.
मागून एसटी.
नंबर वाचायची गरज पडली नाही,
फाटलेलं सीट मीच दोरीने बांधलंय.

त्या दिवशी घरी जाऊन काय बोललो, आठवलं :
केळी महागली.
हॉर्नसुद्धा ऐकल्याचं आठवत नाही.

चित्र सात वेळा मागे नेलं.
सातही वेळा वाचलो.

मॅडमना विचारलं, हे टिंब काढून टाकू का?
चष्मा वर सारून त्या म्हणाल्या, काहून?
सगळ्यात जास्त तेच ओढतंय शेपटाला.

मग लिहिलं :
दुचाकी. माणसं दोन. ०.५.
शेऱ्याच्या रकान्यात आम्ही सहसा काही लिहीत नाही.
मी लिहिलं, पिवळा फ्रॉक,
आणि खोडलं,
आणि पुढची गाडी लावली.