सगोत्र

मी महापालिकेच्या मलेरिया खात्यातला.
बादलीतून गप्पी मासे नेतो, सोडतो
विहिरीत, बंद पडलेल्या कारंज्यात,
भांडुपच्या टेंभीपाड्यामागच्या नाल्यात.
राखाडी, नखाएवढे. कुणी त्यांना नावं ठेवत नाही,
कुठल्याच अर्थाने.

बावकरांकडे तेच मासे. म्हणजे तेच नव्हेत.
पोटमाळ्यावर चौदा काचपेट्या,
आणि शेपट्या अशा की कुणी शालूचा पदर
मिरचीच्या बीला बांधलाय.
अकरा वर्षं एकच लाल.
काळा ठिपका आला, बाद. पिवळी झाक, बाद.
बाद म्हणजे चहाच्या गाळणीत,
गाळणीतून मोरीत.

वहीत भाऊ-बहीण, मग बाप-लेक,
मग त्या लेकीची लेक, पुन्हा तोच बाप.
त्याच वहीच्या मागच्या पानावर केतकीची स्थळं.
बँकेतला मुलगा, उंच, स्वभावाने गरीब,
पुढे शिसपेन्सिलीने: सगोत्र. नाही.
मी तिथे बोट ठेवलं.
बावकर म्हणाले, "माशाला कसलं गोत्र?"

शेपट्या वाढत गेल्या.
नर पोहायचे ते जिन्यावरून कपाट चढवणाऱ्या हमालासारखे,
मध्येच थांबत.
पन्नासच्या जागी नऊ पिल्लं, त्यातली चार कण्यात वाकडी.
ती वहीत नाहीत.
कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात तरीही
जोडीला बाराशे.

मेमध्ये पाण्यात काहीतरी आलं, कापसासारखं.
एखादा उशिरा मरेल, एखादा झुंजेल,
तर तेही नाही.
जसे वाढवले तसेच गेले, एकाच दुपारी,
एकाच कुशीवर.
उरली एक मादी, वेगळी ठेवलेली.
ती का उरली ते तिलाच ठाऊक.

बावकर खाली आले. माझ्या बादलीकडे बघत,
चप्पल जमिनीवर घासत:
"एखादं स्थळ आहे का रे?"

नाल्याकाठी दोघं उकिडवे बसलो.
चाळीच्या सगळ्या मोऱ्या इथेच उतरतात.
ते दोघांनाही माहीत. दोघंही बोललो नाही.
तिसऱ्या खेपेला गाळणीत एक राखाडी नर आला,
शेपटीवर तिखटाच्या कणाएवढं लाल,
शेजारी काळा ठिपका,
कडेला पिवळं.
बावकरांनी गाळणी किती वेळ तशीच धरली.
पाणी गळून गेलं, मासा उडायला लागला,
तेव्हा मीच डबा पुढे केला.

पोटमाळ्यावर वही उघडली.
बापाच्या रकान्यात पेन टेकवलं
ते शाई पसरेपर्यंत टेकलेलंच.
खालून केतकी म्हणाली,
"लिहा ना बाबा. नाला."