जुनी कॅलेंडरं

बाईंनी दवाखाना बंद केला त्या दिवशी
रास्ता पेठेत पाणी आलं नव्हतं.
मी माळ्यावरून कॅलेंडरं खाली उतरवली,
सदतीस वर्षांची:
सहकारी बँकेची, दूध डेअरीची, खतांच्या दुकानाची.
फिट आली त्या तारखेवर फुली,
कुणी लाल पेनानं, कुणी कुंकवानं,
लिहिता न येणाऱ्या एका बापानं कोळशानं.

मी ईईजी काढायचो.
केसांत पेस्ट, डोक्याला वीस तारा,
कागदावर शाईच्या सुया थरथरत.
डॉक्टर कुंदा ओगले चष्मा कपाळावर सरकवून
ते डोंगर वाचायच्या, म्हणायच्या,
"भूतबीत काही नाही हो, वीज आहे.
आपल्या एमएसईबीसारखी. अधूनमधून गडबडते."

रविवारी एसटीनं भोर, वेल्हे, सासवड.
पर्समधून कांदा काढायच्या,
पायातली चप्पल हातात घ्यायच्या,
आणि भर चावडीत,
"हा भाजीत. ही पायात.
नाकाशी दोन्ही नकोत."

फर्जाना मुल्लाला शाळेनं घरी बसवलं
तेव्हा हेडमास्तरांच्या खोलीबाहेर
चार तास बाकावर बसल्या, स्वेटर विणत.
अर्धाच झाला.
उरलेला दुसऱ्या खेपेला.
तो घालून फर्जाना सातवी ब मध्ये बसली.

सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या
तेव्हा बेचाळीस पत्रं टाइप केली मी.
उत्तर एकाचंच आलं,
तेही "श्री. ओगले यांस".
गोळ्या मात्र आल्या.

रद्दीवाल्यानं काटा धरला.
बाईंनी गठ्ठ्यातून एकच ओढून घेतलं.
दिगंबर पासलकर.
लग्न ठरलं म्हणून घरच्यांनी गोळ्या दडवल्या.
नोव्हेंबरच्या नऊ तारखेपर्यंत फुल्या आहेत.
मग कालवा.
पुढची पानं कोरी.
जी कोरी पाहून एरवी आम्ही पेढे खायचो
अगदी तशीच कोरी.

रद्दीवाला पैसे मोजता मोजता थांबला.
"मॅडम, भाचीची माझ्या... दातखीळ बसते."
बाईंच्या हातात कुलूप होतं.
"किती मिनिटं? मान कुठल्या बाजूला वळते?
तारखा लिहून ठेवल्यात?"
नाही, म्हणाला.

खिळ्यावरून यंदाचं काढून
मी त्याला दिलं,
एप्रिलपर्यंत दुधाचा हिशोब लिहिलेलं.