मानवी, पण माणसांसाठी नाही

कुपी आली मे महिन्यात, दुपारी अडीचला,
पुण्याहून, थर्माकोलच्या खोक्यात.
सोलापूर चव्वेचाळीसवर.
कुरिअरवाला घाम पुसत म्हणाला,
आइस्क्रीम हाय काय मॅडम?
मी सही केली: पद्मजा मादास.
झाकण काढलं तर कोरड्या बर्फाचा धूर
टेबलावरून खाली सांडला
आणि क्षणभर कुणी पंख्याकडे बघितलं नाही.

कुपीच्या तळाशी लालसर-तपकिरी काहीतरी,
चिमूटभर मशेरी भिजवावी तेवढं.
लेबलवर ठळक: मानवी.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात:
फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.

कुण्या माणसाचं, ते लिहिलेलं नाही.
यकृतातला एक धडा कुणी उतरवून घेतला,
जिवाणूला पाठ करायला दिला,
आणि तो रात्रभर घोकत राहिला
अर्थ न कळता,
जशी मी पहिलीत बाराखडी म्हणायचे,
घरात सगळं तेलुगू.

निकोटिनवर पहिला घाव हे विकर घालतं.
एकटं नाही घालत. शेजारी सोबतीण लागते,
हातात इलेक्ट्रॉन देत राहणारी,
जशी अम्मा विडी वळायची
आणि समोर बसून यल्लव्वा तोंडं दाबायची,
दोघींच्या मध्ये सूप, कात्री, दोरा,
आणि बोलणं कुणाच्या तरी सुनेचं.

पंचेचाळीस वर्षं.
हजार झाल्या की दिवस झाला.
कारखान्यात तपासणारा उजेडाकडे धरून
सव्वाशे बाजूला काढायचा: छाट.
छाटीचे पैसे नाहीत. विड्या मात्र त्याच्याकडेच.

अम्माने जन्मात एक विडी ओढली नाही.
नमुना क्रमांक सतरामध्ये तरीही कोटिनीन आहे.
नावं आम्ही लिहीत नाही.
पण डबीच्या झाकणाला
हळदीचं बोट लागलेलं मी ओळखलं
आणि पुढचा नमुना घेतला.

संध्याकाळी विडी घरकुलात पोचले.
अम्मा भाकरी कडक करत होती.
काय आलं म्हणे आज तुझं पार्सल?
तुझ्या पोटात असतं ना, ते.
विकत?
विकत.
केवढ्याला?
साडेअडतीस हजार.

तिने तवा खाली घेतला.
तिचे सगळे हिशोब विड्यांत होतात:
हजाराला दोनशे वीस,
म्हणजे एकशे पंचाहत्तर दिवस.
मग थांबली, बोटं पुन्हा मोजली.
छाट धरली तर दोनशे.

बराच वेळ भाकरीच उलटत राहिली.
मग म्हणाली,
आणि एवढं महागाचं ते
माझ्या आत फुकट राबतंय होय गं?
बिचारं.
त्याला तरी कुणी छाट काढत नाही ना?

मी म्हटलं, बघते उद्या.
फ्रीजरला कुलूप आहे,
किल्ली माझ्याकडे आहे.