दाब आणि सोड

तारामुंबरीत आमच्या घरी पाच रिमोट होते,
पाचही प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून,
तरी खारा वारा आत शिरायचा
आणि सेलांच्या टोकांना हिरवट पूड धरायची.

मग मस्कतहून सुहासने हब पाठवला.
काळा, गुळगुळीत, पालथ्या करवंटीएवढा.
सगळ्यांची बोली याला येते, म्हणाला,
टीव्हीची, डिशची, स्पीकरची, एसीचीसुद्धा.
दोन वर्षांत कंपनीनेच हात वर केले.

तेव्हा मी लायब्ररी लिहायला घेतली.
आपा झोपाळ्यावरून म्हणाले,
"लायब्ररी काढलंस? मगे पुस्तकां खंय आसत?"
पुस्तकं नाहीत, आपा. नुसत्या हाका.
कुणाला कशी मारायची, नि ओ येईपर्यंत किती थांबायचं.

जोड. विचार. पाठव. तोड.
चार शब्दांवर महिना गेला.
आधी कळलं ते हे, की बटण दाबणं हा एक निरोप
आणि सोडणं हा दुसरा.
दुसरा मी विसरले.
त्या रात्री आवाज चढत चढत चढत गेला,
बातम्यावाली बाई कौलांतून बाहेर पडली,
इनासचा कुत्रा तिला उत्तरं देत बसला,
आणि मी वायर उपटली तेव्हा
खाडीपलीकडून कुणीतरी बॅटरी मारून बघत होतं.
त्या ओळीपुढे अजून माझी टीप आहे:
सोडल्याशिवाय झोपू नये.

टीव्हीला जाग यायला सहा सेकंद लागतात.
त्याआधीचं त्याच्या कानावर पडत नाही.
तिथे मी सात लिहिले. एक सेकंद माझ्याकडून.

पण पुढे अडले.
हबचा उजेड डोळ्यांना दिसत नाही,
आणि तो जातो तो जातोच, परत काही येत नाही.
टीव्ही लागला की नाही, हबला कधीच कळत नाही,
तो आपला धरून चालतो.
मधे वीज गेली, कुणी हाताने बटण दाबलं,
की याची समजूत एकीकडे, घर दुसरीकडे.

मोबाईलचा कॅमेरा समोर धरून आपांना दाखवलं:
पडद्यावर जांभळी फडफड, पापणी लवेपर्यंत.
दीपगृहावर एकतीस वर्षं काढलेला माणूस
ओठांतल्या ओठांत मोजू लागला. पुन्हा दाखव म्हणाले.
"भारी घायत बोलता ह्यो."
मी म्हटलं, पोचलं की नाही तेच समजत नाही, काय करू?
"आमका तरी खंय कोण येऊन सांगी?
दिवो लावचो आणि गप रवाचां.
सकाळी फुटलेली होडी गावली नाय, म्हणजे दिसलो."

हे काही संगणकाला सांगता आलं नाही.
पण टीव्हीचं विचारलं की माझी लायब्ररी आता
चालू म्हणत नाही, बंद म्हणत नाही,
बहुधा म्हणते.
एकेचाळीस जणांनी ती उतरवून घेतली,
त्यातल्या दोघांना बहुधा पटलं नाही.

आणि रोज साडेसातला, मी आत बांगडे साफ करत असताना,
कुणी विचारलेलं नसताना,
बाहेरून आपांची हाक येते:
"चालू आसा गो!"