स्पेसबार

फर्मागुडीच्या हॉस्टेलात, पंखा बंद करून
कारण त्याची घरघर माइकमध्ये येते,
आम्ही तिघांनी पाणी बनवलं.
निळं, चौकोनी, सोळा बाय सोळा.
शेवंती वेळीपनं भात रंगवला,
ब्रागांझानं घशातून बेडूक काढले,
मी मानशीचं दार लिहिलं:
भरती आली की स्पेसबार दाबा.
उशीर झाला की खाजन खारं,
गेम ओव्हर.

सबमिशनच्या आदल्या रविवारी
लॅपटॉप घेऊन चोडणला गेलो, माझ्या मामाकडे.
पस्तीस वर्षं तो मानशीवर.
त्यानं हात पुसले, चष्मा लावला
आणि नुसता बघत राहिला.
पाणी चढलं. भात बुडाला.
"दाब ना, मामा!"
"कित्याक? दार कोण लोटता? उदकच लोटता."

भरतीला फळ्या आपणहून मिटतात,
ओहोटीला उघडतात.
माणसानं फक्त
कुर्ल्यांनी बांधाला पाडलेली भोकं शोधायची,
चिखल भरायचा,
जागं राहायचं.

परतीच्या फेरीबोटीत कुणी बोललं नाही.
रात्री शेवंतीनं स्पेसबार काढून टाकला.

आता आमच्या गेममध्ये काळोख आहे, एक बॅटरी आहे,
आणि बांध चालून संपवायला
खरीखुरी चाळीस मिनिटं लागतात.
सरांनी विचारलं, "यात जिंकायचं कसं?"
ब्रागांझानं हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला.
बेडूक जिथं गप्प होतात ना, सर,
तिथंच कुठंतरी
पाणी आत येतंय.