रोसामेलची कुत्री

पुदू बटाट्याच्या वाफ्यात पडलं होतं,
माझ्या गुडघ्यालाही न पोचणारं हरीण,
अंगावर दव तसंच.
उलटंपालटं करून पाहिलं:
गळा शाबूत, मांड्या शाबूत, ओरखडासुद्धा नाही.
जीभ तेवढी बाहेर.
आणि भोवती ओल्या मातीत पंजेच पंजे,
गोल गोल,
जसं कुणी रात्रभर मळणी केली असावी.

तीन कुत्री. म्हणजे रोसामेलची.
चिलोएत दारोदार कुत्री आहेत,
पण तिघं एकत्र, पहाटे,
आणि त्यातल्या एकाचा मागचा पाय टेकत नाही,
हे साऱ्या खाडीला ठाऊक आहे.

दोन वर्षं झाली.
मेंढ्या सकाळी कोपऱ्यात कोंडलेल्या सापडतात, धापा टाकत.
ऑगस्टात एक गाभडली.
मी तारा ओढल्या, तारांना डबे टांगले,
गोठ्यात नवऱ्याचा जुना रेडिओ रात्रभर लावून ठेवला.
कोल्ह्याने बातम्या ऐकत ऐकत कोंबडी नेली.
आमचा ठेंगणा, काळपट कोल्हा.
त्याच्यावर राग नाही माझा.
तो कुणाचाच नाही, जाब कुणाला विचारू?
कुत्र्याला मात्र दार असतं,
आणि दारामागे माणूस.

भाचा म्हणाला, बंदरावर पूड मिळते,
मटणाच्या तुकड्यात घालायची, कुणी विचारत नाही.
त्यानेच आणून दिली.
मी ती पिठाच्या डब्यामागे ठेवली
आणि तेव्हापासून पीठ मळण्याआधी
दोनदा हात धुते.

पुदू पोत्यात घातलं, खांद्यावर टाकलं.
मांडीवर झोपलेल्या लेकराएवढं वजन.
टेकडी उतरताना वाक्यं जुळवत गेले,
एकेक परजून.

रोसामेल चुलीपाशी होता,
नाकात नळ्या, शेजारी सिलिंडर.
नळी खिडकीपर्यंत पुरते.
तोही तेवढाच पुरतो.
मी पोतं त्याच्या पायाशी सोडलं
आणि वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

तो वाकला. मानेवरच्या केसांतून
बोट फिरवत राहिला बराच वेळ.
“चावली नाहीत,” म्हणाला.
“वळून आणत होती.
भ्यालं ते. पुदूचं काळीज भीतीनेच थांबतं, एदुविना.”

मग श्वास गोळा करून:
“चाळीस गुरं होती. विकली, या नळीपायी.
कुत्र्यांना ते कोण सांगणार?
उजाडायच्या आत कामावर जातात.
सापडेल ते दारापर्यंत आणतात.
तुझ्या मेंढ्या. एकदा सात बदकं, रांगेत.
एकदा पोस्टमन.
मी खिडकीतून शाबास म्हणतो.
न म्हणून कसं चालेल?”

हसला, त्याचा खोकला झाला.
नळीला पीळ पडला होता, तो मी सोडवला.
“पिवळी मात्र निव्वळ चोर,” तो म्हणाला,
“तिची वकिली मी करत नाही.”

बांध त्यांना, एवढंच म्हणायला आले होते.
साखळीसुद्धा आणली होती खिशात.
ती बाहेर काढायला
त्या खोलीत हात धजेना.

निघताना त्याने शिट्टी शिकवली:
दोन बोटं, जीभ मागे दुमडून.
त्याला वारा पुरेना, मला दात.
दोघांत मिळून एक शिट्टी झाली कशीबशी.

पुदू मी उल्मोच्या झाडाखाली पुरलं.
खड्डा खोल घेतला, कोल्ह्यासाठी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी
मेंढ्या वरच्या कुरणात असताना वाजवली.
लंगडं आलं, मागोमाग काळं.
शिट्टी ओळखली, बाई ओळखली नाही;
माझ्या मागे पाहत राहिली,
कुणीतरी यायचं राहिलंय अशी.
मग लंगडं खाली बसलं, उठलं,
आणि मेंढ्यांना लांबून वळसा घालू लागलं,
इतकं हळू,
की मेंढ्या चरता चरताच घरी आल्या.

पूड अजून डब्यामागेच आहे.
पिवळी काल रात्री अंडी खाऊन गेली.